‘सलग’ या शब्दाचा वकील

थॅडियस स्टीव्हन्स म्हटलं की लोकांना अमेरिकेतला लिंकनच्या काळातला तो कडक, लंगडत चालणारा, तिखट जिभेचा, गुलामगिरीविरोधी खासदार आठवतो. मी मात्र आज तुम्हाला आधी कोर्टात नेणार आहे, आणि तेही त्यांना न शोभणाऱ्या खटल्यात.

साल १८२१. व्हरमाँटमधल्या गरीब घरातला, जन्मतः एक पाय वाकडा असलेला हा तरुण पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गमध्ये वकिली थाटून पाच वर्षं झाली होती. गाव लहान, पक्षकार मिळेल तो. पेनसिल्व्हेनियाचा कायदा असा, की बाहेरच्या मालकानं गुलामाला राज्यात सहा महिन्यांहून जास्त ठेवलं तर तो गुलाम मुक्त. शेजारच्या मेरीलँड राज्यातून अधूनमधून आणल्या जाणाऱ्या चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीचे राज्यातले सगळे दिवस जोडले तर सहा महिने भरत होते. स्टीव्हन्स उभे राहिले मालकाच्या बाजूनं. त्यांचा मुद्दा एवढाच : मुक्काम सलग हवा, तुकडे जोडून चालणार नाही. कोर्टाला पटलं. चॅरिटी आणि तिची लेकरं गुलामच राहिली.

पुढे याच माणसानं पळून आलेल्या गुलामांचे खटले फी न घेता लढवले. पश्चात्तापामुळे, असं म्हणायचा मोह होतो, पण माणूस इतक्या सरळ रेषेत बदलत नाही असं मला वाटतं.

१८३३ मध्ये ते राज्याच्या विधानसभेत गेले. मोफत शाळांचा कायदा रद्द करायचं सिनेटनं ठरवलं होतं, करदाते खवळलेले. १८३५ च्या एप्रिलमध्ये स्टीव्हन्स सभागृहात बोलले आणि कायदा वाचला. १८४२ मध्ये ते लँकेस्टरला आले, १८४८ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे अमेरिकेच्या संसदेवर, निवडून गेले. मधली काही वर्षं बाहेर काढून १८५९ मध्ये काँग्रेसमध्ये परतले, ते मरेपर्यंत तिथेच. यादवी युद्धात तिजोरीची समिती त्यांच्याकडे होती. १८६३ मध्ये गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या सैन्यानं त्यांचा लोखंडाचा कारखाना जाळला.

१८६६ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती आली, कायद्यापुढे समान संरक्षण देणारी. त्यांना हवी होती त्यापेक्षा बरीच पातळ. मग पाठिंबा का? त्यांचं उत्तर : मी देवदूतांत नाही, माणसांत राहतो. मुक्त झालेल्या गुलामांना जमीन मिळावी हा त्यांचा आग्रह मात्र तसाच राहिला. ती मिळाली नाही.

ऑगस्ट १८६८ मध्ये ते गेले. लँकेस्टरमधल्या इतर दफनभूमींच्या नियमांत वंशाची अट होती, म्हणून त्यांनी श्राइनरची छोटीशी दफनभूमी निवडली. हे कारण त्यांनी स्वतःच्या थडग्यावर कोरून ठेवायला सांगितलं, आणि त्या मजकुरात ‘सनदेचे नियम’ हे वकिली शब्दसुद्धा आहेत.