काळी रेषा : फ्रान्सिस न्यूटन सूझा

(दृश्य : रंगवलेल्या चेहऱ्याचा अगदी जवळून दिसणारा भाग. कॅमेरा सावकाश मागे येतो.)

निवेदन :
आधी डोळे बघा. ते नाकाच्या दोन बाजूंना नाहीत, पार वर कपाळात जाऊन बसले आहेत. नाक म्हणजे एक लांबट पट्टी. तोंडात दात एकमेकांत रुतलेले. मानेवर फुल्या, तिरप्या रेघा, आणि या सगळ्याला बांधून ठेवणारी जाड काळी रेषा.

चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझांनी १९५० च्या दशकात रंगवलेली डोकी अशी आहेत. चेहरा विद्रूप केलाय, असं आपण पटकन म्हणून जातो. पण डोळे वर नेल्यावर काय होतं ते पाहा. विचार करणारं कपाळच उरत नाही. खालची सगळी जागा जबड्याला मिळते. ‘मिस्टर सेबॅस्टियन’ हे १९५५ चं चित्र घ्या. अंगात नीटनेटका सूट आणि चेहऱ्यात, मानेत बाण घुसलेले. जुन्या ख्रिस्ती चित्रांत संत सेबॅस्टियनच्या उघड्या देहावर बाण असतात. इथे ते शहरातल्या कपडे केलेल्या माणसाला लागले आहेत.

(दृश्य : साळगाव. चर्च, वेदी, दुपारचं ऊन.)

सूझांचा जन्म १२ एप्रिल १९२४, गोव्यात बार्देश तालुक्यातल्या साळगावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगिजांचं राज्य होतं. मूल तान्हं असतानाच वडील गेले. आई मुंबईत शिवणकाम करून घर चालवायची. मुलाला देवी आल्या तेव्हा तिनं सेंट फ्रान्सिस झेवियरला नवस बोलला. पोरगा वाचला आणि न्यूटनच्या आधी फ्रान्सिस हे नाव लागलं.

चर्चच्या शिकवणुकीपेक्षा तिथली भव्य वास्तू, विधींचा थाट आणि क्रुसावरचा रक्तबंबाळ देह आपल्या मनात ठसला, असं सूझांनी पुढे लिहिलं. चित्रांत ते सहज सापडतं. पाद्र्याच्या झग्यावरची नक्षी ते चौकटी-चौकटींनी भरतात. चर्चच्या खिडकीत शिशाच्या पट्ट्या रंगीत काचा धरून ठेवतात, तशी त्यांची काळी रेषा रंग धरून ठेवते.

मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण झालं, पण स्वातंत्र्य चळवळीतल्या सहभागामुळे १९४५ मध्ये तिथून काढून टाकलं गेलं. १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा कलावंतांचा गट उभा राहिला : सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि शिल्पकार बाकरे. पुढच्या वर्षी सूझा आणि हुसेन दिल्लीला प्राचीन भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन पाहायला गेले. मथुरेच्या दगडी मूर्तींचा रुंद कटिभाग, भरीव गोल स्तन, समोरून ठाम उभं राहणं हे सगळं सूझांच्या नग्नचित्रांत उतरलं. त्यांच्यावर पिकासोचा प्रभाव नेहमी सांगितला जातो. तो आहेच, पण मथुरा वगळून ही चित्रं अर्धीच कळतात.

(दृश्य : लंडन. मग ‘बर्थ’ हे चित्र, पूर्ण रुंदीत.)

१९४९ मध्ये ते लंडनला गेले. पहिली वर्षं हलाखीची. १९५५ मध्ये ‘एन्काउंटर’ मासिकात त्यांचा आत्मपर लेख आला, ‘गॅलरी वन’मध्ये प्रदर्शन झालं आणि नाव झालं.

त्याच वर्षीचं हे ‘बर्थ’. आडवी पडलेली गर्भवती स्त्री, पाद्र्याच्या वेशातला पुरुष, खिडकीबाहेर घरं. माप आठ फूट बाय चार फूट, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या अख्ख्या बोर्डाएवढं, फळीसारख्या कडक पत्र्याएवढं. लंडनच्या टेट या कलासंग्रहालयातलं १९५९ चं ‘क्रुसिफिक्शन’ही बोर्डावरच आहे, सहा फूट बाय चार फूट. कॅनव्हास कुंचल्याखाली दबतो आणि थोडा उसळतो. बोर्ड दबत नाही. हाताचा सगळा जोर रेषेत उतरतो, म्हणून ही रेषा कोरल्यासारखी दिसते. बोर्डाचे धोकेही आहेत. कडा दमट हवेत फुगतात, कोपरे आपटले की पापुद्रे सुटतात.

आणखी एक गोष्ट, रंगवणाऱ्यांसाठी. खालचा रंग ओला असताना त्यावर काळी रेषा ओढली, की कुंचला तो रंग उचलतो आणि रेषेच्या कडा मळकट होतात. हाडांच्या कोळशाचा काळा रंग तेल फार पितो आणि उशिरा वाळतो. तो खाली जाड थापून वर पटकन वाळणारा पातळ थर दिला, तर वरचा थर तडकतो.

(दृश्य : अंधारी खोली. भिंतीवर काळी चौकट.)

१९६६ मध्ये लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत सूझांनी निव्वळ काळ्या रंगातली चित्रं मांडली. रंग गेले. काळ्यावर काळी रेषा उरली. चेहरा, देह, निसर्गदृश्य दिसतं ते केवळ रंगाच्या उंचवट्यांमुळे आणि चकाकीतल्या फरकामुळे.

या चित्रांचं छायाचित्रण हमखास फसतं. समोरून प्रकाश टाकला, की नुसता काळा आयत. कॅमेरा ऑटोवर ठेवला, तर तो काळ्याचं राखाडी करून टाकतो. तैलचित्राची चमक मारायला वापरतात तो पोलरायझिंग फिल्टर लावला, तर चमकेबरोबर आकृतीही जाते, कारण इथे आकृती चमकेतच आहे. दिवा एका बाजूला, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून ठेवावा लागतो; एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते, हातानं बांधून घ्यावं लागतं.

(दृश्य : दिवा डावीकडून उजवीकडे सरकतो. काळ्यातून एक डोकं वर येतं, पुन्हा बुडतं.)

या काळ्या चित्रांवर सरसकट एकसारखं व्हार्निश फासणं म्हणजे चित्र पुसणं. आपल्या दमट हवेत काळ्यावर बुरशीची पांढरी साय आली, तरी हेच होतं.

१९६७ मध्ये सूझा न्यूयॉर्कला गेले. त्यांच्या रासायनिक चित्रांत, म्हणजे छापील शाई द्रावकानं विरघळवून केलेल्या चित्रांत, गुळगुळीत मासिकांची पानं आहेत. अशा पानावर शाई कागदात मुरत नाही, वरच्या लेपावर बसते. द्रावक लावला की ती सैल होते, पुसता येते, ओघळते. उरलेल्या छापील आकारांवर सूझा आपली रेषा चढवतात. साध्या वर्तमानपत्राच्या कागदावर हे इतकं साधत नाही. तिथे शाई तंतूंत शिरलेली असते. अडचण अशी, की छपाईच्या शाया उजेडात विटतात. म्हणून ही पानं दाखवताना प्रकाश ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास, म्हणजे मंद ठेवायचा आणि काही महिन्यांनी ती पुन्हा अंधारात ठेवायची.

(दृश्य : कागदावरचा उजेड हळूहळू मंद होतो.)

२८ मार्च २००२ रोजी मुंबईत सूझांचं निधन झालं. शिवडीच्या दफनभूमीत त्यांना पुरलं.