घर जितकं लांब, तितका कोळसा

(दृश्य: सिग्नल हिलवरून दिसणारा टेबल बे)

आज लोक इथे सूर्यास्त बघायला येतात. ५ ऑगस्ट १८६३ रोजी या टेकडीवर केपटाउनकरांची झुंबड उडाली होती, ती एक पाठलाग बघायला. पुढे 'सी ब्राइड', अमेरिकेचं शिडाचं मालवाहू जहाज. मागे 'अलाबामा'. अमेरिकेतून फुटलेल्या, गुलामगिरी टिकवायला लढणाऱ्या दक्षिणी राज्यांची युद्धनौका. सगळ्या गावादेखत सी ब्राइड पकडलं गेलं.

केप ही ब्रिटिश वसाहत, आणि अमेरिकेच्या या यादवी युद्धात ब्रिटन तटस्थ. किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत जहाज धरलं असेल, तर तो तटस्थतेचा भंग. अमेरिकेचे वाणिज्यदूत वॉल्टर ग्रॅहम यांनी तशी तक्रारही केली. गव्हर्नर सर फिलिप वुडहाउस यांनी निकाल दिला: जहाज तीन मैलांच्या बाहेर होतं.

(दृश्य: अलाबामाच्या डेकवरचं छायाचित्र)

तोफेला रेलून उभा आहे तो कप्तान राफेल सेम्स. फोटो त्याच मुक्कामातला. चेहरा बघा. पाहुणचार कसा चालला होता, ते वेगळं सांगायला नको.

नियम नव्हते असं नाही. लढणाऱ्या देशाच्या युद्धनौकेने ब्रिटिश बंदरात चोवीस तासांपेक्षा जास्त थांबायचं नाही. दुरुस्ती किंवा वादळ असेल तर गोष्ट वेगळी. पकडलेलं जहाज बंदरात आणायचं नाही. कोळसा स्वदेशाचं सर्वात जवळचं बंदर गाठण्यापुरताच, आणि एकदा घेतला की तीन महिने कुठल्याही ब्रिटिश बंदरात पुन्हा मागायचा नाही.

गोम इथेच आहे. अलाबामा बांधली गेली इंग्लंडात, बर्कनहेडला. तोफा चढल्या अझोर्स बेटांजवळ. दक्षिणेच्या एकाही बंदरात ती कधी गेली नाही. मग 'स्वदेशाचं बंदर' मोजायचं कुठून? आफ्रिकेच्या टोकावरून? घर जितकं लांब, तितका कोळसा जास्त! सी ब्राइडचं काय झालं? बंदरात आणता येत नाही, म्हणून सेम्सने ते उत्तरेला, कुठल्याच युरोपीय देशाची सत्ता नसलेल्या आंग्रा पेकेन्याच्या (आजच्या नामिबियातल्या) किनाऱ्यावर नेऊन विकलं. गिऱ्हाईक केपटाउनचंच.

(दृश्य: सायमन्स टाउनचा धक्का)

अलाबामाला शोधत आलेल्या अमेरिकी युद्धनौका 'व्हँडरबिल्ट'लाही इथे कोळसा मिळाला. कोळसा विकणाऱ्यांचं दोन्हीकडून भागलं. (याच युद्धात अमेरिकी कापूस अडकला आणि मुंबईचे कापूसवाले मालामाल झाले. तेव्हा आपणही फार बोलू नये.)

जून १८६४ मध्ये फ्रान्सच्या शेरबुर्गजवळ अलाबामा बुडाली. १८७२ साली जिनिव्हाच्या लवादाने, अलाबामासारख्या नौका आपल्याकडे बांधून बाहेर पडू दिल्याबद्दल, ब्रिटनला अमेरिकेला दीड कोटी डॉलरहून अधिक भरपाई द्यायला लावली.

(दृश्य: जानेवारी, केपटाउनचे रस्ते, रंगीत पोशाखातली गायकमंडळी)

केप मलाय लोक. यांच्यातल्या कित्येकांचे पूर्वज गुलाम म्हणून इथे आणले गेले. हे गातायत ते अलाबामाच्याच येण्याचं गाणं.

(निवेदन थांबतं. गाणं चालू.)