पेटी उघडायची नसते

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय 'कमी पैशांतला निओ-न्वार आणि त्यातला भामटा'. निओ-न्वार म्हणजे जुन्या अंधाऱ्या गुन्हेपटांचा नवा अवतार. वेळ अर्धा तास. काल इथेच आपण क्रिस्टोफर नोलनचा १९९८चा 'फॉलोइंग' पाहिला. ज्यांचा मध्येच डोळा लागला त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. जे टक्क जागे होते त्यांनाही एका खेपेत सगळं कळलेलं नाही. मी चौथ्यांदा पाहिला, म्हणून इथे उभा आहे.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

कॉलेज संपल्यावर आम्ही पाच जण लघुपट काढायला निघालो होतो. एक खून, दोन पात्रं, बाकी अंधार. कॅमेरा भाड्याने देणारे एक गृहस्थ भेटले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात ॲल्युमिनियमची पेटी. आता गंमत ऐका, त्यांनी पैसे मागितलेच नाहीत! उलट पेटी आमच्याच खोलीवर ठेवून गेले. "राहू द्या तुमच्याकडे. फक्त उघडू नका, लेन्सला धूळ लागते." तीन दिवस ती पेटी कोपऱ्यात. तिच्यावर आम्ही चहाचा कपसुद्धा टेकवला नाही. चौथ्या दिवशी आम्हीच त्यांना गाठून रिळांसाठी आगाऊ रक्कम हातात कोंबली. ते आपले नको नको म्हणतायत. पुढचं तुम्ही ओळखलंच. पेटीत दोन विटा, जुन्या टॉवेलात नीट गुंडाळलेल्या. मला विटांचं काही वाटत नाही हो, टॉवेल जिव्हारी लागतो. वीट वाजू नये एवढी काळजी आमच्या दिग्दर्शकाने कधी कशाची घेतली नव्हती. दिग्दर्शक मीच होतो.

तर 'फॉलोइंग'मधला भामटा, कॉब. चित्रपटाचा नायक, एक होतकरू लेखक, लोकांच्या मागे मागे फिरतोय आणि एके दिवशी हा कॉब कॅफेत सरळ त्याच्यासमोर येऊन बसतो. मारामारी नाही, पोलीस नाही. काही मागतही नाही, उलट पोराला आपल्याबरोबर घरफोडीला नेतो! त्या पोराला आयुष्यात कुणी इतक्या विश्वासाने कुठे नेलं नसेल. आणि घरात शिरल्यावर कॉबचा जीव कशात? ऐवजात नाही, माणसं जपून ठेवतात त्या फुटकळ वस्तूंच्या खोक्यात. एका घरी तर परक्या बाईची चड्डी तो घरमालकाच्या पँटच्या खिशात सारून देतो. साधा चोर घेऊन जातो, हा ठेवून जातो. आमचे गृहस्थही ठेवूनच गेले होते.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळवतो.

माझं म्हणणं एवढंच की या चित्रपटातला खरा बनेल माणूस कॅमेऱ्यामागे आहे. खर्च सुमारे ६,००० डॉलर. सगळे नोकरदार, म्हणून चित्रीकरण शनिवारी, तेही साधारण वर्षभर. १६ मिमीचं ४०० फुटांचं रीळ अकरा मिनिटांत संपतं, म्हणून नाटकासारख्या तालमी आणि एक-दोन टेकमध्ये काम उरकायचं. दिवे नाहीत, खिडकीतून येईल तो उजेड, त्यात कृष्णधवल फिल्म. ही युक्ती जुनीच. १९४५च्या 'डिटूर' या चित्रपटात दिग्दर्शक एडगर उल्मरला न्यूयॉर्कचा रस्ता परवडत नव्हता, तर त्याने धुकं सोडलं आणि धुक्यातून पाट्या दाखवल्या.

नोलनचं धुकं म्हणजे काळाची उलटापालट. नायकाचे वाढलेले केस, मग कापलेले केस आणि सूट, मग सुजलेलं तोंड. आपण त्याच्या चेहऱ्यावरून काळ लावत बसतो. त्या नादात खोली कुणा मित्राची आहे, भिंती रिकाम्या आहेत, हे बघायला सवडच मिळत नाही. पेटी आपणच राखत बसतो, तीही ६९ मिनिटं.

शेवटाबद्दल, कॉब गर्दीत दिसेनासा होतो त्याबद्दल, दोन पानं लिहून आणली होती. पण दारातले गृहस्थ किल्ल्या वाजवतायत. या, पायऱ्यांवर बोलू.