चार गडी घरी, एकटा शिल्लक! गोच्या सांघिक स्पर्धांत गुण कसे धरतात?

नमस्कार मंडळी! मागं रंकाळा आहे, हातात कणीस आहे आणि वारं लई सुटलंय. आवाज फाटला तर चालवून घ्या.

गल्लीतला कॅरम आठवा. वरून सोडलेला बल्ब, पटावर बोरिक पावडर आणि भोवती नंबर लावून बसलेली पोरं. नियम एकच, हरला तो उठला. मग एखादा गडी असा ठाण मांडतो की बाकीच्यांना रात्री दहापर्यंत स्ट्रायकरला हात लावायला मिळत नाही.

गो हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांचा खेळ. त्यातली मोठी सांघिक स्पर्धा, नोंगशिम चषक, याच नियमावर चालते! नोंगशिम म्हणजे नूडल्सवाली कोरियन कंपनी. चीन, जपान आणि कोरियाचे पाच-पाच व्यावसायिक खेळाडू. पटावर एका वेळी दोघंच. हरला तो स्पर्धेतून बाद, जिंकला तो पुढच्याशी. गुणतक्ता वगैरे काही नाही. ज्या देशाचा माणूस शेवटी उरला, तो देश जिंकला. पंधरा जण, दर डावाला एक बाद, म्हणजे फार तर 14 डाव.

पंचविसाव्या स्पर्धेत चीनच्या शिए अरहाओनं सलग 7 जणांना उठवलं. कोरियाचे चार गेले, उरला एकटा शिन जिनसो. समोर चीनचे पाचच्या पाच शाबूत, वर जपानचा इयामा युता. शिननं आधी शिएला काढलं, मग इयामा, झाओ चेनयु, के जिए, डिंग हाओ. शेवटी फेब्रुवारी 2024 मध्ये शांघायला गु झिहाओ. सहाच्या सहा! चषक कोरियाला, 50 कोटी वॉनसकट.

आता मला सांगा, हा संघ जिंकला की शिन?

कारण दुसरी पद्धत बघा. आशियाई स्पर्धेत पुरुषांच्या सांघिक लढतीत पाच पट शेजारी-शेजारी मांडतात. पाच जण पाच जणांशी, एकाच वेळी. जो संघ तीन पट जिंकेल, त्याची लढत. तिथं शिन कितीही भारी असू दे, त्याच्या नावावर पट एकच! बाकीचे चार हरले तर 1-4, विषय संपला. हांगझोऊला 2023 मध्ये कोरियानं चीनला 4-1 हरवून सुवर्ण घेतलं, ते बाकीचेही जिंकले म्हणून.

आणखी एक गंमत. पटावर वेढलेल्या जागेचे गुण मोजून डाव अर्ध्या गुणानं जिंका नाहीतर चाळीस गुणांनी, संघाच्या खात्यात एकच विजय. हा अर्धा गुण कुठला? काळा आधी खेळतो, त्याचा फायदा फेडायला पांढऱ्याला वरचे गुण मिळतात, कोरियन नियमांत साडेसहा, चिनी नियमांत साडेसात. त्या अर्ध्यामुळं गुण बरोबरीत सुटण्याची भानगडच नाही. खासबागेत कुस्ती बरोबरीत सोडवली की पब्लिक कसं तापतं, माहितेय ना?

पण पटच चार असले तर? चीनच्या ए-लीगमध्ये, म्हणजे तिथल्या वरच्या सांघिक लीगमध्ये, चारच असतात, कोरियाचे खेळाडूही तिथं करारावर खेळलेत. 2-2 झालं की मुख्य पट, म्हणजे जिथं दोन्हीकडचे मुख्य गडी बसतात तो, कुणी मारला ते बघतात, त्याचा संघ विजयी. म्हणजे एका पटाचं वजन दीड माणसाचं! मला विचाराल तर ही पद्धत सगळ्यात चलाख. शेजारी दोघं हरत असले तरी मुख्य पटावरच्या गड्याला शेवटपर्यंत झुंजायला कारण राहतं.

तुम्हाला कुठली पटते, खाली लिहा. माझं कणीस गार झालं.