रात्री एक ते सहा

(काळोख. वेव्हमेकरची, म्हणजे टँकमधलं पाणी हलतं ठेवणाऱ्या पंपाची, घरघर. टाइमलॅप्स सुरू होतो.)

कॅमेरा खरं तर दुसऱ्याच कामाला लावला होता. माझ्या रीफ टँकमधल्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या, कोरलचे (प्रवाळाचे) पॉलिप, ज्या इवल्या जिवांची ही वसाहत बनते ते, रात्री कसे फुलतात ते टिपायचं होतं. दर वीस सेकंदांनी एक फ्रेम, मिणमिणत्या निळ्या उजेडात. सकाळी कार्ड लॅपटॉपला लावलं तेव्हा कळलं, रात्रभर काय चाललं होतं.

डावीकडचं जांभळं फांद्यांचं कोरल, अ‍ॅक्रोपोरा बघा. एक वाजता बुडाशी नखाएवढा पांढरा डाग. तीनला तो पहिल्या फाट्यापर्यंत चढलेला. झोताबरोबर कातडीच्या चिंध्या सुटून जातायत. सहाला अर्धी वसाहत म्हणजे नुसता सांगाडा.

(निवेदन नाही. पंधरा सेकंद फक्त पंपाचा आवाज.)

रीफ टँकवाले याला आरटीएन म्हणतात, रॅपिड टिश्यू नेक्रोसिस. नाव भारदस्त आहे, पण ते फक्त काय झालं एवढंच सांगतं. का झालं, ते नाही.

माझा हात आधी कपाटाकडे गेला. आयोडीन, अमिनो अ‍ॅसिड, ट्रेस एलिमेंट. रीफ टँक असलेल्या बहुतेकांकडे असं एक कपाट असतं आणि त्यातल्या निम्म्या बाटल्या अशाच एखाद्या सकाळी घाबरून घेतलेल्या असतात. मित्राला फोन लावला होता, तो स्पीकरवर आहे. आवाज तसाच ठेवलाय.

"काही ओतू नकोस रे. भिंग घे, आधी नीट बघ."

(भिंगातून क्लोजअप : सांगाडा आणि कातडीची सीमा.)

पांढरं कोरल दोन तऱ्हेचं असतं. पहिल्यात कातडी शाबूत असते, पॉलिपही दिसतात, फक्त सगळं काचेसारखं पारदर्शक झालेलं असतं. कोरलच्या पेशींत राहणारं झूझँथेली नावाचं शेवाळ निघून गेलेलं असतं. हे ब्लीचिंग. तिथे संशय आधी उष्णतेवर किंवा नव्या, प्रखर दिव्यावर घ्यायचा. असं कोरल जिवंत असतं आणि सावरूही शकतं. दुसऱ्यात कातडीच नसते. इथे बघा, सीमारेषेवर फाटलेल्या कागदासारखी कड आहे आणि तिच्यापलीकडे सांगाड्यातली छिद्रं अगदी कोरडी, रिकामी वाटतायत. सांगाड्यावर हिरवट थर नाही, म्हणजे जखम ताजी. शेवाळाचा थर असता तर ती काही दिवसांची ठरली असती.

आता दिवा थोडा वर. मागच्या दोन वसाहतींची टोकं बघा. पांढरी टोकं वाढीचीही असतात, म्हणून मी त्यांच्याकडे आठवडाभर कौतुकाने बघत होतो. वाढणारं टोक गुबगुबीत असतं. ही जळक्या काडीसारखी आहेत.

एकच कोरल आजारी असतं तर शेजारच्या कोरलचा दंश, कीड किंवा झोत यांच्यामागे लागलो असतो. तीन वसाहती, तिन्ही वेगवेगळ्या कोपऱ्यांत. म्हणजे पाणी.

थर्मामीटर 25.5, दुसराही तेच सांगतो. खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटी, म्हणजे हजारात 35 भाग. तो आधी 35 पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रवावर लावून घेतलाय, कारण नुसत्या आरओ पाण्यावर शून्य केलेला रिफ्रॅक्टोमीटर समुद्राच्या खारेपणापाशी चुकू शकतो. अमोनिया नाही. मासे मजेत. तो पिवळा टँग तर कॅमेऱ्यासमोरून हटतच नव्हता.

(रात्र. लाल टॉर्च.)

लाल उजेडात टँकमधल्या बऱ्याचशा किड्यांना पळून जावंसं वाटत नाही. अ‍ॅक्रोपोरा खाणारा चपटा किडा ज्या कोरलवर बसतो त्याच्याच रंगाचा होतो. बघता बघता तो सापडत नाही, सापडतात ते चावे, फिकट गोल ठिपके. म्हणून एक फांदी डिपमध्ये, म्हणजे किडे सोडवणाऱ्या औषधी पाण्यात, बुडवली आणि पिपेटने झोत मारला. भांड्याच्या तळाशी काय पडतं ते बघा. एक ब्रिसल वर्म, दोन चिमुकले खेकडे, थोडी वाळू. चपटा किडा एकही नाही. असता तर काम वाढलं असतं, कारण डिपने किडे सुटतात पण अंडी चिकटून राहतात. ती पात्याने खरवडायची आणि काही आठवडे डिप पुन्हा पुन्हा द्यायचं.

मग हे सापडलं.

(वेव्हमेकरचं चुंबक काचेवरून सुटतं. प्लास्टिकला केसाएवढी चीर. आतून तांबूस ओघळ.)

या चित्रात सगळंच आहे : चीर, गंज, बोटाला लागलेला रंग. खाऱ्या पाण्यात उघडं पडलेलं चुंबक धातू सोडत राहतं, आणि कोरलना धातूंचं वावडं असतं. मला वाटलं, गुन्हेगार हाती लागला. आम्ही हा प्रसंग तीन कोनांतून घेतला, लाइट लावून. चुंबक काढलं, नवा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन घातला आणि त्या रात्री मी शांत झोपलो.

सकाळी आणखी एक फांदी पांढरी.

जी चाचणी पहिल्या तासात करायची ती दुसऱ्या दिवशी केली. पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, म्हणजे अल्कलिनिटी. कारण सांगायला लाज वाटते : अकरा दिवसांपूर्वी ती बरोबर होती, आणि ती रोज मोजून भरून काढणारा डोसिंग पंप आहेच ना.

(टायट्रेशन. सिरिंज, थेंब, निळसर-हिरवं पाणी.)

एकेक थेंब. प्रत्येक थेंबानंतर बाटली हलवायची. समुद्रात अल्कलिनिटी साधारण 7 डीकेएच (तिचं एकक) असते, माझ्या टँकमध्ये मी 8.2 राखतो. 8.2 ला रंग बदलायला हवा होता. नाही बदलला. 9. नाही. 10. अजून निळंच. आता बघा, हा थेंब, आणि पाणी केशरी-गुलाबी. 11.0.

पुन्हा केली. 11.0.

साहजिकच पंपावर खापर फोडलं. पंपाची नळी मोजपात्रात सोडली आणि दिवसभराची मात्रा एकदम काढून पाहिली. एका मिलिलिटरचाही फरक नाही. पंप इमानेइतबारे तेवढंच देत होता जेवढं महिनोन्‌महिने देत आलाय. घेणारे कमी घेऊ लागले होते.

कोरल सांगाडा बांधताना पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतं. माझा टँक रोज साधारण 1.2 डीकेएच खातो. त्यातला तिसरा हिस्सा जरी ताटात राहिला तरी रोज 0.4 शिल्लक, आणि सात दिवसांत 2.8. म्हणजे आधी कोरलनी हात आखडता घेतला, मग अल्कलिनिटी चढली, आणि चढलेल्या अल्कलिनिटीने टोकं जाळली. पण हात आखडता का घेतला?

(सम्प, म्हणजे टँकखालची टाकी. रिअ‍ॅक्टरमध्ये घुसळणारे विटकरी दाणे.)

हे दाणे जीएफओ. पाण्यातलं फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, धरून ठेवतात. काचेवर शेवाळ जरा जास्त दिसलं म्हणून अकरा दिवसांपूर्वी मी जुने काढून नवे भरले. नेहमीच्या दुप्पट. पाणी कसं लखलखीत झालं. फॉस्फेटचा मीटर आज दाखवतोय 0.00. आधी 0.06 असायचं.

शून्य फॉस्फेटच्या पाण्यात कोरलची आणि त्याच्यातल्या शेवाळाची उपासमार होते. साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये हेच मांडलं : नायट्रेट असताना फॉस्फेट तुटलं की कोरल ब्लीच होण्याचा धोका वाढतो. मग समुद्रात फॉस्फेट इतकं कमी असून तिथलं प्रवाळ कसं जगतं, असं कोणीतरी विचारणारच. तिथे त्याच्या तोंडाशी अहोरात्र प्लवक वाहत येतात. माझ्या टँकमध्ये वाहून येतो तो फक्त पिवळा टँग.

आणि जीएफओ म्हणजे ग्रॅन्युलर फेरिक ऑक्साइड. लोहाचा ऑक्साइड. साध्या भाषेत, गंज. मी चुंबकावर कॅमेरा रोखून बसलो होतो आणि दुसरा गंज खाली सम्पमध्ये, मीच मोजून घातलेला, शांतपणे घुसळत होता.

(बोन कटरचा आवाज. फ्रॅग प्लगवर, म्हणजे कोरलचा तुकडा (फ्रॅग) चिकटवायच्या बैठकीवर, सुपरग्लू.)

रिअ‍ॅक्टर बंद. डोसिंग बंद. अल्कलिनिटी ओढून खाली आणायची नाही, ती आपसूक उतरू द्यायची, नाहीतर उतरण्याचा धक्काही तितकाच लागतो. आणि आरटीएन चढत असलेल्या फांदीला एकच उपाय माहीत आहे : पांढऱ्याच्या बराच वर, निरोगी भागात कापायचं. इथे माझा हात थरथरतोय, तो शॉट बदलला नाही. टोक कापलं, क्षणभर टिपलं, सुपरग्लूच्या जेलवर उभं केलं, मध्यम झोतात ठेवलं. असे नऊ तुकडे.

सात वसाहतींपैकी तीन गेल्या.

अल्कलिनिटी आठवड्याने 8.6 वर आली, तेव्हा पंप अर्ध्या मात्रेवर पुन्हा लावला. माशांना खाणं थोडं सढळ. फॉस्फेट 0.04. काचेवर पुन्हा शेवाळ आलंय, दर तीन दिवसांनी पुसतो. पंपाच्या झाकणावर आता एक चिकटपट्टी आहे, तिच्यावर अल्कलिनिटीचा आकडा आणि तारीख. शाई खाऱ्या पाण्याने पसरते, म्हणून पेन्सिलीने लिहितो.

(शेवटचा शॉट. मॅक्रो. फ्रॅग क्रमांक चार.)

पाचवा आठवडा. सुपरग्लूचा पांढरा गोळा बघा, खालून डावीकडे. जांभळी कड त्याच्यावर चढतेय.