आठवड्याच्या आठवड्याला पैसे येत होते

6 जानेवारी 2025. दादरमध्ये टोरेस ज्वेलरीच्या दुकानासमोर माणसांची झुंबड उडाली आहे. दुकान बंद. टोरेसच्या योजनेत पैसे गुंतवलेले लोक बाहेर रस्त्यावर ताटकळत उभे आहेत.

"लोभ नडला," असं त्यानंतर बऱ्याच जणांनी म्हटलं. असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं आहे. कारण या लोकांनी डोळे मिटून विश्वास टाकलाच नव्हता. त्यांनी खात्री करून घेतली होती, आणि नेमकी तीच खात्री फसवणाऱ्यांनी पुरवली होती.

योजना अशी. पैसे भरा, बदल्यात मॉइसनाइटचा खडा घ्या. मॉइसनाइट म्हणजे प्रयोगशाळेत तयार होणारा, हिऱ्यासारखा चमकणारा स्वस्त खडा. वर आठवड्याला सहा टक्के परतावा. म्हणजे लाखावर दर आठवड्याला 6 हजार! ऐकणारा आधी हसतोच. मग शेजारचा गाळेवाला मोबाईल पुढे करतो. बँकेचा मेसेज आलेला असतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो.

इथे माणसाचं मन फिरतं. जाहिरातीवर आपण शंका घेतो. रोज सोबत चहा पिणाऱ्या माणसाच्या खात्यात जमा झालेल्या रकमेवर कशी घेणार? तरीही ऐकणारा आधी थोडेच पैसे लावतो. ते वेळेवर परत येऊ लागतात, आणि आपण सावधपणे पारखून घेतलं असं त्याला वाटतं. मग बायकोचे दागिने गहाण पडतात, मेहुण्याला सांगितलं जातं. नवा माणूस आणला तर बक्षीस असतंच. पण बरेच जण बक्षिसासाठी नाही, आपल्या माणसाचंही भलं व्हावं म्हणून सांगतात.

जुन्यांना मिळणारा पैसा नव्यांच्याच खिशातला. 1920 मध्ये बोस्टनला चार्ल्स पाँझीनं 45 दिवसांत 50 टक्के नफ्याचं आमिष दाखवलं, तेव्हाही आतली युक्ती हीच होती.

टोरेसनं शेवटी शेवटी तर परताव्याचा दर आणखी चढवला. आता थांबलो तर संधी जाईल, ही घाई मनात भरली की हिशेब मागे पडतो. आणि एव्हाना शंका घेणं महागही झालेलं असतं. योजना खोटी मानायची, तर मेहुण्याला आपणच खड्ड्यात ढकललं हेही मानावं लागतं. म्हणून हप्ता चुकला तरी मन सबबी शोधतं: सर्व्हर बंद असेल, सुट्ट्या असतील.

शिवाजी पार्क पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला तो एका भाजीविक्रेत्याच्या तक्रारीवरून. पुढे तपास मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. अशा प्रकरणांत कित्येक जण मात्र पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. घरच्यांना काय सांगायचं, हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो. आणि "लोभ नडला" हे आपलं एक वाक्य त्यांना गप्प बसवायला पुरतं.