सफरचंदवालीची सही

नमस्कार, श्रोतेहो. सह्यांची मोहीम आपल्याला काही नवी नाही. नळाला पाणी नाही, गल्लीत दिवा नाही, की कुणीतरी कागद घेऊन दारात उभं. आजची मोहीम मात्र लंडनची, १८६६ सालची. मागणी अशी, की घरा-मालमत्तेची जी अट घालून पुरुषांना मत देता, ती पुरी करणाऱ्या बाईलाही मत द्या.

जॉन स्टुअर्ट मिल तेव्हा वेस्टमिन्स्टरचे खासदार. ते म्हणाले, निदान शंभर नावं आणा, अर्ज मी मांडतो. बार्बरा बोडिशाँ आणि त्यांच्या मैत्रिणींनी महिनाभरात जवळजवळ पंधराशे जमवली. शंभर मागितली, पंधराशे आली! सह्यांचे कागद टपालानं यायचे, ते एकाला एक चिकटवून भलंमोठं भेंडोळं झालं.

७ जूनला ते घेऊन निघाल्या एमिली डेव्हिस आणि एलिझाबेथ गॅरेट. बार्बराबाई आजारी होत्या. या एलिझाबेथ म्हणजे आदल्याच वर्षी डॉक्टरकीचा परवाना मिळवलेल्या. पुढे आपल्या रखमाबाई लंडनला ज्या वैद्यकीय शाळेत शिकल्या, तिथल्या डीन याच.

तर दोघी संसदेच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये पोचल्या. मिलसाहेबांचा पत्ता नाही. येणारेजाणारे टकमक बघतायत, आणि हातातलं भेंडोळं काही लपण्याजोगं नाही. दोघींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथे एक बाई सफरचंदं विकत बसली होती. (सफरचंद तेव्हा नुसतं सफरचंद असे हो. आता प्रत्येकावर स्टिकर, आणि ते नखानं काढताना अर्धी साल हातात येते. कुणाच्या डोक्यातून निघालं हे, देव जाणे.) दोघींनी तिला गळ घातली, बाई, एवढं तुमच्या ठेल्याखाली ठेवता का? तिनं ठेवलं. पण ठेवून घेतलं तर आत काय आहे ते विचारणारच ना! बायकांच्या मताचा अर्ज आहे म्हटल्यावर ती हटूनच बसली: मग माझीही सही घ्या. झालं! लपवलेलं भेंडोळं पुन्हा बाहेर, पुन्हा उलगडलं, आणि सफरचंदवालीची सही झाली. मी तर म्हणतो, बाजारात बसणाऱ्या बाईला राजकारण जितकं कळतं, तितकं टीव्हीवर भांडणाऱ्यांना कळत नाही.

मग मिल आले. भेंडोळं बघून खूश. म्हणाले, हे सभागृहात झोकात उगारता येईल.

पुढचं थोडक्यात. १८६७ च्या मे महिन्यात मिलनी मताधिकाराच्या विधेयकात ‘पुरुष’च्या जागी ‘व्यक्ती’ घाला अशी दुरुस्ती सुचवली. बाजूनं ७३, विरुद्ध १९६. पडली. मत मिळालं १९१८ मध्ये, तेही तिशीपुढच्या आणि अटीत बसणाऱ्या बायकांना. पुरुषांच्या बरोबरीनं, १९२८ मध्ये. सफरचंदवालीचं नाव मात्र या गोष्टीत कुठे येत नाही.

पुढच्या भागात चार्टिस्टांचा, म्हणजे मताचा हक्क मागणाऱ्या ब्रिटिश कामगारांचा, १८४२ चा अर्ज. ३३ लाखांवर सह्या, आणि तो संसदेच्या दारातून आत जाईना. नमस्कार.